अठरा ग्रॅमचं दळण

घरगुती एस्प्रेसो यंत्राच्या खोक्यावर एक आकडा हमखास ठळक अक्षरांत छापलेला असतो: 15 बार. काही खोक्यांवर तो 20 सुद्धा असतो. एस्प्रेसो म्हणजे दाबाखाली काढलेली कॉफी, एवढं ग्राहकाला ऐकून माहीत असतं. मग जितका दाब जास्त तितकी कॉफी चांगली, असा सरळ हिशेब मांडून तो यंत्रावर पैसे मोकळे करतो आणि कॉफी मात्र दुकानातून दळून आणलेली वापरतो. पहिल्याच कपात पाणी दहा सेकंदांत भसाभसा खाली येतं. वर पिवळट फेस, खाली आंबट पाणी. बोल यंत्राला लागतो. यंत्राने आपलं काम खरं तर चोख केलेलं असतं. 15 बार ही आतल्या पंपाची कमाल कुवत. कॉफीला लागतो तो साधारण 9 बार, आणि तोही पंपाला एकट्याने तयार करता येत नाही. बागेतल्या नळीतून पाणी नुसतं सोडलं तर ते पायाशी पडतं. तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी कुंपणापलीकडे जातं. पंप पाणी ढकलतो, दाब तयार होतो तो वाटेत कोणी आडवं आल्यावर. एस्प्रेसोत तो अंगठा म्हणजे ठासून बसवलेली कॉफीची पूड. ती किती बारीक आणि किती एकसारखी दळली आहे, यावर दाब टिकतो की ढासळतो हे ठरतं. म्हणून या प्रकरणाचं म्हणणं असं, की घरी एस्प्रेसो करायची तर खर्चाचा पहिला विचार दळण्याचा करावा. आणि हात आखडता असेल, तर हाताने फिरवायचा ग्रायंडर हा सगळ्यांत शहाणपणाचा सौदा आहे.

दळण आणि दाब यांची ही सांगड एस्प्रेसोच्या जन्मापासूनची नाही. ती हळूहळू घट्ट होत गेली. इटलीतल्या तुरीन शहराच्या अँजेलो मोरिओंदोने 1884 साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेराने 1901 साली एकेका कपापुरती कॉफी काढणारी रचना मांडली आणि देझिदेरिओ पावोनीने 1905 च्या सुमारास तिचं उत्पादन सुरू केलं. या यंत्रांत बाष्पकातली वाफच पाणी ढकलत असे. दाब जेमतेम दीड-दोन बार. तेवढ्या दाबापुढे फार बारीक पूड ठेवली तर पाणी अडूनच बसणार, त्यामुळे दळण जाडसर असलं तरी निभावून जाई. अकिले गाजियाने 1938 साली वाफेला रजा देणारं पेटंट घेतलं आणि महायुद्धानंतर स्प्रिंग ताणणाऱ्या दांड्याचं यंत्र बाजारात आणलं. दाब आठ-नऊ बारवर गेला आणि कपावर तांबूस सायीसारखा थर दिसू लागला, तोच क्रेमा. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई61 यंत्राने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला आणि 9 बार हा जणू दंडकच झाला. दाब चौपट-पाचपट वाढला, म्हणजे त्याला तोंड देणारी पूडही तितकी बारीक आणि शिस्तीची हवी झाली. कॅफेतल्या यंत्राशेजारी तेवढाच भारदस्त ग्रायंडर उभा दिसतो तो याच कारणाने. घरी यंत्र आलं, हा शेजारी मात्र दुकानातच राहिला.

त्या शेजाऱ्याचं काम किती नाजूक आहे, हे एका कपाच्या आकड्यांतून कळतं. आज बहुतेक ठिकाणी दुहेरी एस्प्रेसोसाठी 18 ग्रॅम पूड घेतात आणि 25 ते 30 सेकंदांत तिच्यातून साधारण 36 ग्रॅम कॉफी काढतात. 18 ग्रॅम म्हणजे सव्वाशे-दीडशे दाणे, एका मुठीत मावतील एवढे. ही पूड 58 मिलिमीटर व्यासाच्या जाळीदार बास्केटमध्ये दाबली की सेंटिमीटरभर जाडीची चकती तयार होते. तिच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सव्वीस चौरस सेंटिमीटरांहून थोडं जास्त भरतं. त्यावर 9 बार दाब म्हणजे सुमारे 240 किलोचा भार. काठोकाठ भरलेलं 200 लिटरचं पिंप त्या एवढ्याशा चकतीवर ठेवलं तरी भार कमीच पडेल. अशा रेट्याखाली पाणी चकतीतून वाट काढतं आणि जाता जाता कॉफीतलं विरघळणारं द्रव्य उचलतं. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण तीस टक्के पाण्यात उतरू शकतं, पण चव चांगली लागते ती एकूण वजनाच्या 18 ते 22 टक्के उतरलं तर. म्हणजे 18 ग्रॅममधून साडेतीन ग्रॅमच्या आसपास. त्याहून कमी उतरलं तर कप आंबट आणि पोकळ लागतो, जास्त उतरलं तर कडू आणि तुरट. गाळण किंवा उकळी असल्या पद्धतींत वेळ मिनिटांत मोजतात, तिथे थोडं इकडेतिकडे खपून जातं. इथे सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा.

हे अर्धं मिनिट कोण ठरवतं, याचं उत्तर कॉफीवाल्यांच्या आधी एका पाणीपुरवठा अभियंत्याने दिलं होतं. फ्रान्समधल्या दिजों शहराच्या आंरी दार्सीने 1856 साली वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपतं याचं गणित मांडलं. वेग दाबाच्या प्रमाणात वाढतो, थराच्या जाडीच्या प्रमाणात घटतो आणि थर पाण्याला किती वाट देतो यावर अवलंबून राहतो. पुढच्या संशोधकांनी त्या 'वाट देण्या'चा कणांच्या आकाराशी संबंध जोडला, तेव्हा दिसलं की इतर सगळं सारखं असेल तर ती कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. या एका 'वर्गा'त एस्प्रेसोची सगळी मेख आहे. समजा पुडीचा सरासरी कण 300 मायक्रॉनचा आहे आणि कप 28 सेकंदांत भरतो. कण फक्त 30 मायक्रॉनने, म्हणजे अर्ध्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतराने, लहान केला तर प्रवाह सुमारे 19 टक्क्यांनी घटतो आणि तोच कप जवळपास 35 सेकंद घेतो. बास्केटमधली खरी कॉफी वाळूहून खट्याळ असते. ती फुगते, तिची धूळ खाली सरकून जाळीशी साचते, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून मोठाही असू शकतो. यंत्राच्या दाबात एखादा बार कमीजास्त झाला तर कप बिघडतोच असं नाही. दळणात अर्ध्या केसाची चूक झाली तर ती जिभेवर येते.

ग्रायंडरकडून मग दोन गोष्टी मागायच्या: कण एकसारखे हवेत, आणि त्यांचा आकार अगदी थोडा थोडा बदलता यायला हवा. पहिली गोष्ट मराठी स्वयंपाकघराला नव्याने शिकवावी लागत नाही. भरड, जाडा रवा, बारीक रवा, रवाळ, मऊ, वस्त्रगाळ अशी दळणाची अख्खी मोजपट्टी आपल्या बोलण्यात आहे; लाडवाचं बेसन आणि पिठल्याचं बेसन एकाच जाडीचं चालत नाही, हे गिरणीवाल्यालाही ठाऊक असतं. त्याच मोजपट्टीवर फ्रेंच प्रेसची कॉफी भरडीशी बसेल, कागदी गाळणीची रव्याशी, तुर्की कॉफी थेट मैद्याशी. एस्प्रेसोची जागा बारीक रवा आणि पीठ यांच्या मध्ये. चिमटीत चोळली तर पिठासारखी वाटावी, पण बोटांना किंचित रवा लागावा. इथेच मिक्सर हरतो. मिक्सरचं पातं दाणे दळत नाही, फोडतं. जो तुकडा पात्याच्या वाटेत येतो तो पुन्हापुन्हा फुटून धूळ होतो, जो कडेला उडतो तो भरड राहतो, आणि दोन्ही त्याच भांड्यात फिरत बसतात. जात्यात तसं होत नाही, कारण तिथे दोन तळ्यांमधली फट हा पहारेकरी असतो. फटीहून मोठा कण बाहेर पडूच शकत नाही. कॉफीचा चांगला ग्रायंडर, हाताचा असो वा विजेचा, हा वंशाने जात्याचाच. दगडी तळ्यांच्या जागी त्यात दोन दातेरी पोलादी भाग असतात, एक स्थिर आणि एक फिरता. कॉफीवाले त्यांना 'बर्र' म्हणतात. असा ग्रायंडरही सगळे कण एका मापाचे काढत नाही. भाजलेला दाणा ठिसूळ, तो फुटताना 100 मायक्रॉनखालची धूळ उडणारच, आणि थोडी धूळ एस्प्रेसोला हवीही असते, कारण मोठ्या कणांमधल्या पोकळ्या तीच भरते. ग्राहकाने पाहायचं ते इतकंच, की धुळीचं हे प्रमाण रोज तेच राहतं का.

दुसरी मागणी आकार थोडा थोडा बदलण्याची, आणि हातग्रायंडर पैशाला जागतो तो इथे. त्याची रचना उघडून पाहावी. धातूच्या नळकांड्यात खालच्या बाजूला दातेरी कडं पक्कं बसवलेलं असतं. त्याच्या आत दातेरी शंकू एका दांड्यावर फिरतो. दांडा दोन बेअरिंगांमध्ये धरलेला असतो आणि वर फिरवायचा दांडू, म्हणजे आपल्या जात्याचा खुंटा. शंकू वर सरकला की फट अरुंद होते, खाली गेला की रुंद. हे सरकणं आट्यांवर चालतं आणि प्रत्येक ठरावीक अंशाला 'टक' असा आवाज होतो. ती एक क्लिक. आट्यांच्या एका पूर्ण फेऱ्यात शंकू अर्धा मिलिमीटर सरकत असेल आणि त्या फेऱ्यात 40 क्लिक असतील, तर एका क्लिकला 12.5 मायक्रॉन. हा हिशेब वनझेडप्रेसो या तैवानी कंपनीच्या जेएक्स-प्रो ग्रायंडरचा आहे. किंगरायंडर के6 मध्ये एका क्लिकला 16 मायक्रॉन सरकतात आणि तो अमेरिकेत 100 डॉलरच्या आसपास मिळत आलेला आहे. त्याच्याहून बराच महाग असलेला जर्मन कमांदांते सी40 एका क्लिकला 30 मायक्रॉन सरकतो; एस्प्रेसोसाठी त्याला वेगळा दांडा बसवून ते अंतर निम्मं करावं लागतं. यातून सी40 वाईट ठरत नाही, कागदी गाळणीच्या कॉफीसाठी त्याचं नाव मोठं आहे. पण किंमत आणि एस्प्रेसोची सोय या दोन गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून चालत नाहीत, एवढं यावरून नक्की दिसतं. एक सावधगिरी मात्र हवी: हे आकडे दांड्याच्या उभ्या सरकण्याचे आहेत. शंकूच्या उतारामुळे प्रत्यक्ष फट त्याहून कमी बदलते, आणि उतार प्रत्येक कंपनीचा निराळा. म्हणून हे आकडे तुलनेला दिशादर्शक धरावेत, तराजूत तोलू नयेत.

इतकं काटेकोर काम एवढ्या पैशांत कसं बसतं, याचं उत्तर मोटार नसण्यात आहे. एस्प्रेसोसारखं बारीक दळताना ग्रायंडरला वेगापेक्षा जोर जास्त लागतो. छोटी स्वस्त मोटार भरभर फिरते, पण तिच्यात तेवढा जोर नसतो. मग एक तर मोठी मोटार घ्यायची, नाहीतर दातेरी चाकांनी वेग मारून जोर वाढवायचा. दोन्हींत पैसा जातो. शिवाय मोटारीला थंड ठेवणं, विजेपासून सुरक्षा, आवाज दाबणारं कवच, बटणं. स्वस्त विजेच्या ग्रायंडरमध्ये हे सगळं भागवून जे उरेल ते दातेरी भागांच्या वाट्याला येतं. हातग्रायंडरमध्ये पंधरा सेंटिमीटरच्या आसपासचा दांडू आणि माणसाचा दंड मिळून तोच जोर फुकट पुरवतात. वाचलेले पैसे पोलादावर, बेअरिंगवर आणि आट्यांच्या अचूकपणावर खर्च करता येतात, आणि चांगले कारखाने ते करतात. ग्राहक मोटारीचे पैसे देत नाही, त्या बदल्यात मिनिटभराची मेहनत देतो. सौद्याच्या दोन्ही बाजू अशा उघड दिसतात.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसाचा असतो: 'हातग्रायंडर वापरून पाहिलाय, एस्प्रेसोला कुचकामी आहे.' हा अनुभव बहुधा खरा असतो, पण तो जुन्या पिढीचा. बरीच वर्षं बाजारात स्वस्त हातग्रायंडर म्हणजे चिनी मातीच्या दातांचा, एकाच ठिकाणी सैलसर धरलेल्या दांड्याचा असे. फिरवताना शंकू डुलायचा, फट एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद व्हायची. गंमत म्हणजे बारीक दळताना हे डुलणं कमी होई, त्यामुळे अशा ग्रायंडरमधून एस्प्रेसोइतकी बारीक पूड निघत नसे असं नाही. अडचण निराळी होती. त्यांचे टप्पे इतके मोठे असत की एका टप्प्यावर कप पंधरा सेकंदांत भरायचा आणि पुढच्याच टप्प्यावर यंत्र थेंबसुद्धा सोडायचं नाही. मधली जागाच नव्हती. हाताने बारीक दळता येत नाही हा समज तर इतिहासानेच खोटा ठरवला आहे. तुर्की कॉफीसाठी पितळेच्या उभ्या हातचक्क्या पिढ्यान्‌पिढ्या एस्प्रेसोहून बारीक पूड काढत आल्या आहेत, आणि फ्रान्सच्या प्युजो घराण्याने मोटारगाड्यांच्या कितीतरी आधी, 1840 पासून, कॉफीच्या हातचक्क्या विकल्या. हाताला बारकाई जमत होतीच. कमी होती ती बारीक टप्प्यांची.

दुसरा आक्षेप सोयीचा: दळलेली कॉफी विकत मिळते, मग हा खटाटोप कशाला? दळलेली पूड शिळी होते हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. सहा मिलिमीटरचा दाणा 0.3 मिलिमीटरच्या कणांत फुटला की तेवढ्याच वजनाचं हवेला उघडं पडणारं अंग सुमारे वीसपट होतं. सुवास आणि भाजताना आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड त्या वाटेने निघून जातो. पण एस्प्रेसोपुरतं त्याहून मोठं कारण आहे. विकतची पूड एकाच मापाची असते आणि ते माप कोणाच्या तरी दुसऱ्याच यंत्राचं असतं. घरातलं यंत्र, बास्केट, दाण्यांची जात, भाजणीची तारीख या सगळ्यांप्रमाणे योग्य माप हलत राहतं; एकाच पाकिटातले दाणे जुने होत गेले की आठवड्याभरात दोन-तीन क्लिक बारीक जावं लागतं. विकतच्या पुडीला क्लिक नसते. ही अडचण कंपन्यांनाही माहीत आहे, म्हणून घरगुती यंत्रासोबत बऱ्याचदा दुहेरी तळाचं बास्केट येतं. त्याच्या बाहेरच्या तळाला सुईच्या टोकाएवढं एकच छिद्र असतं आणि अडवणूक ते छिद्र करतं, कॉफी नव्हे. अशा बास्केटमधून कशीही पूड घातली तरी फेस येतो. पण तो छिद्रातून जोराने सुटलेल्या द्रवाचा फेस असतो, आणि दळण सुधारलं तरी कप फारसा सुधारत नाही. म्हणून हातग्रायंडर घेणाऱ्याने साध्या, एकेरी तळाचं बास्केटही घ्यावं. एरवी नवा ग्रायंडर त्या छिद्रामागे झाकला जाईल.

तिसरा आक्षेप मेहनतीचा, आणि मराठी वाचकाच्या तोंडी तो सहज येईल: बायकांच्या हातचं जातं सुटलं याचा आनंद मानायचा की पुन्हा खुंटा हातात घ्यायचा? प्रश्न रास्त आहे. जात्याचं कौतुक करणाऱ्यांनी पहाटेच्या अंधारात पायलीभर धान्य दळणाऱ्या बाईचा खांदा आठवावा. पण श्रमाचा प्रश्न हा वजनाचा आणि सक्तीचा प्रश्न असतो. कुटुंबाचं रोजचं पीठ किलोंमध्ये मोजलं जायचं आणि त्यातून सुटका नव्हती. इथे 18 ग्रॅम आहेत आणि साधारण मध्यम भाजणीचे असतील तर मिनिटभरात संपतात. तरीही मर्यादा मान्य करायला हवी. हलक्या भाजणीचे दाणे कठीण असतात. त्यांना वेळ आणि जोर दोन्ही जास्त लागतं. मनगट किंवा अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर रोजचं फिरवणं शिक्षा होईल. घरात सकाळी पाच-सहा कप लागत असतील तर दळण शंभर ग्रॅमवर जातं, आणि तिथे हातग्रायंडरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. एक-दोन माणसं, दिवसाला दोन-तीन कप, हा त्याचा खरा प्रांत.

चौथा आक्षेप जास्त तोलाचा आहे: थोडे पैसे आणखी घालून विजेचाच ग्रायंडर का घेऊ नये? चांगला विजेचा ग्रायंडर चांगलाच असतो, यात वाद नाही. वाद आहे तो मधल्या पायरीचा. हातग्रायंडरच्या किमतीत मिळणारा विजेचा ग्रायंडर बहुधा गाळणीच्या कॉफीपुरता असतो. एस्प्रेसोला पुरेल असा घ्यायचा तर रक्कम बरीच वाढते. शिवाय डब्यात दाणे भरून ठेवायच्या विजेच्या ग्रायंडरमध्ये दळणाच्या वाटेवर काही ग्रॅम पूड अडकून राहते. कॅफेत दर मिनिटाला कप जातो, तिथे ती लगेच निघून जाते. घरी ती रात्रभर तशीच पडते आणि सकाळच्या पहिल्या कपात मिसळते. ती काढून टाकायची म्हटलं आणि रोज तीन ग्रॅम जरी टाकले, तरी वर्षाला किलोहून जास्त कॉफी कचऱ्यात गेली. हातग्रायंडरमध्ये मोजून घातलेले 18 ग्रॅम जवळजवळ पूर्ण खाली उतरतात, आणि क्लिक बदलली की तिचा परिणाम त्याच कपात दिसतो. माप जुळवायला शिकणाऱ्याला याचा फार उपयोग होतो, कारण चुकीचं उत्तर आधीच्या चुकीत मिसळून येत नाही.

हे माप जुळवणं जवळून पाहण्यासारखं आहे. रिकाम्या ग्रायंडरचे दात एकमेकांना टेकेपर्यंत हलक्या हाताने फिरवायचं, ते शून्य. तिथून क्लिक मोजायच्या. समजा 16 मायक्रॉनच्या क्लिकचा ग्रायंडर आहे आणि पहिल्या अंदाजाने दळलेल्या 18 ग्रॅममधून 36 ग्रॅम कॉफी 16 सेकंदांतच आली, चवीला आंबट आणि पातळ. बाकी काहीही न बदलता चार क्लिक बारीक. आता 38 सेकंद, शेवटी तुरट कडूपणा. उत्तर दोन्हींच्या मध्ये आहे हे कळलं. दोन क्लिक जाड केलं की कप 26-27 सेकंदांवर येतो आणि आंबट, गोड, कडू यांतलं कोणीच एकट्याने पुढे येत नाही. 30 मायक्रॉनच्या पायरीवर याच प्रवासात मध्ये थांबायला फार तर दोनच जागा असत्या, 80 च्या पायरीवर एकही नसती. या खटाटोपात 'बारीक म्हणजे चांगलं' हा आणखी एक समज गळून पडतो. 2020 साली 'मॅटर' या नियतकालिकात ओरेगन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी गणित व प्रयोग यांच्या आधारे दाखवलं, की एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं तर चकतीचे काही भाग तुंबतात, पाणी उरलेल्या वाटांनी पळतं, आणि उतारा वाढण्याऐवजी घटतो; वर दोन कप एकसारखे येईनासे होतात. ग्रायंडर कमालीचा बारीक दळतो ही जाहिरात म्हणूनच फसवी. त्याचा मोठेपणा हव्या त्या जागी थांबता येण्यात आहे.

हातग्रायंडरच्या काही खोडी आहेत, त्यांवर उपायही घरगुतीच आहेत. दळताना घर्षणाने कण विद्युतभारित होतात, भांड्याच्या कडांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब चोळला तर हे बरंच आवरतं. हेंडन यांच्या गटाने 2023 मध्ये ओलावा आणि हा भार यांचा संबंधही तपासून दाखवला. बास्केटमध्ये पूड घातल्यावर बारीक सुयांनी ती मोकळी करून सारखी पसरावी, मग दाबावी. नाहीतर पाणी सैल जागेतून भोक पाडून निघतं आणि उत्तम दळणही वाया जातं. पोलादी दात पाण्याने धुवू नयेत, गंज धरतो. कोरड्या ब्रशने झाडावेत. आणि दाणे घालण्याआधी ताटात पसरून तांदूळ निवडावेत तसे निवडावेत. कॉफी उघड्या अंगणात वाळते, पाकिटात एखादा खडा निघू शकतो. खडा आला तर हाताला झटकन अडल्याचं कळतं आणि माणूस थांबतो. मोटारीला ते कळेपर्यंत दाताचा टवका उडालेला असतो.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध कपापुरता नाही. इटली हा भारतीय कॉफीच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. आपल्याकडचा रोबस्टा आणि पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेला मान्सून्ड मलबार हे एस्प्रेसोच्या मिश्रणांत घट्टपणा आणि क्रेमा यांसाठी घातले जातात. चिकमगळूर, कोडगू इथेच नव्हे, तर महाराष्ट्रातल्या चिखलदऱ्याच्या उतारांवरही कॉफीची झाडं आहेत. भाजणीची तारीख छापलेले दाणे आता पुण्या-मुंबईत घरपोच मिळतात. म्हणजे ज्या मालासाठी इटालियन कॅफे दूरदेशी मागणी नोंदवतो तो आपल्याला आठवड्याभरात ताजा मिळू शकतो. तो आधीच दळून घेतला तर हा फायदा दुकानाच्या काउंटरवरच सोडून आल्यासारखं होतं. ग्रायंडर वाईट दाण्यांना चांगलं करणार नाही, पण चांगल्या दाण्यांची किंमत वसूल करून देईल.

तेव्हा ठरलेली रक्कम घेऊन बाजारात निघणाऱ्याने क्रम उलटा करावा. आधी ग्रायंडर ठरवावा, उरलेल्या पैशांत यंत्र पाहावं. यंत्र साधं असलं तरी चालेल, फक्त त्याला एकेरी तळाचं बास्केट बसायला हवं. पुढेमागे यंत्र बदललं तरी हा ग्रायंडर नव्या यंत्राशेजारी तितकाच कामाचा राहील. दुकानदार पंपाचे बार सांगू लागला तर ऐकून घ्यावं, आणि मग खोक्यावर क्वचितच छापलेली एक गोष्ट विचारावी: या ग्रायंडरच्या एका क्लिकला किती मायक्रॉन?